नावापुढची दोन अक्षरं

मिरज स्टेशनात गाडी हलली तेव्हा नलू पेरू खात होती. सासूबाईंनी तिला कडेवर घेतलं होतं. पेरूच्या बिया तिच्या हनुवटीला चिकटल्या होत्या आणि मी त्या बियांकडेच बघत होते. तीन वर्षांची होती. गाडीत बसून कुणीतरी कुठेतरी जातं, एवढं तिला कळत होतं, कारण तिचे वडील त्याच स्टेशनात पार्सल ऑफिसात कारकून होते आणि ते असताना ती रोज एखादी तरी गाडी बघायची. पण या गाडीतून आई जातेय आणि आपण खाली आहोत, हे तिला कळलं नसावं. तिनं हातसुद्धा हलवला नाही. दोन्ही हात पेरूत गुंतले होते.

"रडायचं नाही हं, पोर बघतेय," सासूबाई खिडकीशी येऊन म्हणाल्या.

मी रडत नव्हतेच. टायफॉइडनं नवरा गेल्यापासून मला रडू आलं नव्हतं. अंगात कापूस भरलाय आणि वरून शिवून टाकलंय, असं काहीसं होतं. लोक भेटायला यायचे, माझ्या तोंडाकडे बघत बसायचे, वाट बघून उठून जायचे. सासूबाईंनी मात्र त्यावरून मला एका शब्दानं टोचलं नाही. त्या स्वतः मोरीत नळ सोडून रडायच्या.

बेंगळूरहून माझा भाऊ, दादा, मला न्यायला आला होता. तो तिथं एका सरकारी कारखान्यात इंजिनिअर होता. "वत्सू, तू मॅट्रिक झालेली आहेस," तो म्हणाला, "तिकडे बायकांना ऑफिसात नोकऱ्या मिळतात. टायपिंग शीक, शॉर्टहँड शीक. इथं बसून काय होणार?" नलूलाही घेऊन जाऊ असंच त्याच्या मनात होतं. सासूबाई तेव्हा गहू निवडत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, "तिनं जावं, माझी ना नाही. पण मुलगा गेला माझा. आता पोर पण नेणार का?"   गव्हातला एक खडा बाजूला टाकून त्याच म्हणाल्या, "आधी स्वतःचं बिऱ्हाड कर. भावाच्या घरात दोघींनी कशाला? बिऱ्हाड झालं की ये, मग बघू." त्या ‘मग बघू’वर मी गाडीत बसले.

मिरजेत राहिलेल्या तुम्हा सगळ्यांना ही हकीकत अर्धीमुर्धी माहीत आहे. माझ्यासारख्या ज्या बाहेर पडल्या त्यांना त्यातला दुसरा अर्धा भाग न सांगता कळेल. मी आता सबंध सांगून टाकते.

दादाचं घर मल्लेश्वरमला होतं. तांबडी गुळगुळीत जमीन, मागे नारळाची दोन झाडं, आणि हवा अशी की ऐन मे महिन्यात पहाटे चादर लागायची. वहिनी धारवाडची. तिचं बोलणं आपलं मराठी आणि कानडी मिळून होतं. "वत्सलाताई, स्वल्प मीठ कमी झालं की हो," असं ती म्हणायची आणि मी मीठ आणून द्यायची. तिनं मला कधी परकं मानलं नाही. शेजारच्या कानडी बाईंना सगळे अक्का म्हणायचे, मीही म्हणू लागले. आम्हाला एकमेकींचं बोलणं कळायचं नाही, पण कढीपत्ता मात्र कुंपणावरून रोज यायचा.

दादानं चौकशी करून ठेवली होती. कॅन्टोनमेंटच्या बाजूला एका कॉन्व्हेंटच्या आवारात बायकांसाठी टायपिंग-शॉर्टहँडचा वर्ग चालायचा. तेव्हा शहर आणि कॅन्टोनमेंट ही जणू दोन गावंच होती. बस एका बाजूला कानडीत सुटायची आणि दुसऱ्या बाजूला इंग्रजी आणि तमिळमध्ये पोचायची. वर्गात बहुतेक मुली अँग्लो-इंडियन, काही तमिळ. गुडघ्यापर्यंतचे फ्रॉक, ओठांना रंग, आणि मध्ये मी, पांढऱ्या पातळातली, मोकळ्या कपाळाची. त्यांनी मला कधी काही विचारलं नाही. ते बरं होतं.

वर्ग चालवायच्या त्या सिस्टर कोलंबा. उंच, हाडापेरानं मोठ्या, हात शेतकऱ्यासारखे. आयर्लंडच्या. मला आयर्लंड म्हणजे इंग्लंडचाच एखादा जिल्हा वाटायचा. तसं एकदा मी बोलले, तेव्हा त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला, आणि "नाही," एवढंच म्हणाल्या. माझं नाव त्यांना ‘व्हॉट्सला’ असंच यायचं. मीही दुरुस्त केलं नाही.

शॉर्टहँड शिकलेल्यांना ठाऊक आहे की त्यात स्पेलिंग नसतं, फक्त आवाज असतो. कानावर पडेल त्याची रेघ काढायची. बारीक रेघेला एक आवाज, तीच जाड काढली तर दुसरा. मग घरी जाऊन किंवा टाइपरायटरवर बसून त्या रेघांचे पुन्हा शब्द करायचे. मला ते चांगलं जमलं. मन लावायला लागत नव्हतं ना, म्हणून. समोरची काय बोलतेय याचा विचार आला की हात अडखळतो. माझ्या डोक्यात विचारच नव्हता, त्यामुळे हात सरळ पळायचा. इतर मुलींना वाटायचं मी हुशार आहे.

डिक्टेशनसाठी पुस्तकं होती, पण सिस्टरना ती आवडत नसत. "‘आपलं पत्र पोचलं, माल रवाना करत आहोत.’ किती दिवस हेच लिहाल?" असं म्हणून त्या आपल्या गावाकडचं वर्तमानपत्र काढायच्या. ते साप्ताहिक होतं. बोटीनं यायचं, तपकिरी कागदाच्या पट्टीत गुंडाळलेलं, महिना-दीड महिना शिळं. त्यातली भाषणं त्या वाचायच्या आणि आम्ही लिहायचो. नद्यांचं पाणी शेतात शिरतं त्याचा बंदोबस्त, दुधाचे भाव, एका खाडीवरचा पूल. बोलणारा कोण, कुठला, याच्याशी आम्हाला काही देणंघेणं नव्हतं. वेग वाढवायचा होता.

पहिल्यांदा तो शब्द आला तेव्हा मी रेघ काढली आणि टाइप करताना लिहिलं, ‘डॉल’. म्हणजे बाहुली. बाहुली रात्री साडेदहापर्यंत बसली. बाहुलीनं पुलाचा प्रश्न पुढे ढकलला. एका डेप्युटींनी बाहुलीला विचारलं की सरकार काय करतंय.

सिस्टरनी माझा कागद वर्गात मोठ्यानं वाचला. मुली हसून हसून टेबलावर पडल्या. सिस्टरही हसल्या. हसताना त्यांचा चेहरा एखाद्या खोडकर मुलीसारखा झाला, तो मी पहिल्यांदाच बघितला. मग त्यांनी फळ्यावर तो शब्द लिहिला. चार अक्षरं, इंग्रजीच, पण त्यातल्या ‘ए’वर एक तिरकी रेघ. म्हणाल्या, "ही आमची सभा. तुमची दिल्लीला आहे, तशी आमची डब्लिनला. आवाज लांब आहे, बाहुलीसारखा तोकडा नाही. डॉ-ल. या रेघेमुळे लांब. या रेघेला फाडा म्हणतात."

मी दचकले. क्षणभर माझा हात खरंच कागदाकडे गेला, इतकी चूक झाली असेल तर फाडायलाच हवा. मग लक्षात आलं की बाईंना मराठी कुठून येणार. त्यांच्या भाषेत ‘फाडा’ म्हणजे लांब. हे मी पुढे वहिनीला सांगितलं तेव्हा ती पोळी लाटायची थांबून हसली होती. मला हसू आलं नाही, पण हे हसण्यासारखं आहे हे कळलं, आणि तेवढंही बऱ्याच दिवसांत कळलं नव्हतं.

ग्लोरिया नावाची एक अँग्लो-इंडियन मुलगी होती, धीट. तिनं विचारलं, "पण सिस्टर, आपण इंग्रजीत लिहितोय ना? मग सरळ पार्लमेंट का नाही लिहायचं?"

"लिहिलेलं कळेल सगळ्यांना," सिस्टर म्हणाल्या. "पण आमच्याकडे कुणी तसं म्हणत नाही. आख्खं वाक्य इंग्रजीत, आणि तेवढा शब्द आमचा. पार्लमेंट आम्ही पुष्कळ वर्षं म्हटलं. ते दुसऱ्यांचं होतं."

मग त्यांनी रीतच शिकवली. शब्दाच्या आधी ‘द’ लावायचा. नंतर पुन्हा पार्लमेंट किंवा हाउस जोडायचं नाही, कारण सभा त्यातच आली. पहिलं अक्षर मोठं. टाइपरायटरवर फाडा नाही, म्हणून कागद काढल्यावर शाईनं ती रेघ हातानं द्यायची, विसरायची नाही. आणि सभासदाच्या, म्हणजे डेप्युटीच्या, नावापुढे दोन अक्षरं, टी. आणि डी. त्याचा पूर्ण शब्द त्यांनी म्हणून दाखवला. त्यात घशातून खाकरल्यासारखा एक ‘ख’ होता, तो आमच्यापैकी एकीलाही जमला नाही, मला सोडून. आपल्या ‘ख’च्या जवळचा होता. "त्याचा अर्थ काय?" मी विचारलं. "सभेकडे पाठवलेला माणूस," त्या म्हणाल्या. "गावानं निरोप देऊन पाठवलेला."

घरी दादाला सांगितलं. तो म्हणाला, "त्यात काय नवल? आपले इंग्रजी पेपर बघ. लोकसभा तशीच छापतात की. हाउस ऑफ द पीपल म्हणायचे आधी, आता म्हणतं का कुणी?" आणि त्यानं पेपर उघडून दाखवलं. खरंच होतं. रोज डोळ्यांखालून जायचं आणि मला दिसलं नव्हतं.

वर्षातून एकदा मी मिरजेला जायची. पहिल्या वर्षी नलू मला बघून सासूबाईंच्या मागे लपली, पण रात्री माझ्याजवळ झोपली. दुसऱ्या वर्षी ती सासूबाईंना आई म्हणत होती. शेजारची पोरं आपापल्या घरात जिला आई म्हणतात, ती जे करते ते हिच्यासाठी सासूबाई करत होत्या, तेव्हा तिचं काही चुकलं नव्हतं. मला ती ‘बेंगळूरच्या बाई’ म्हणाली. सासूबाईंनी तिला दटावलं, "अगं, आई आहे ती तुझी!" नलूनं त्यांच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि खेळायला पळाली. सासूबाई ओशाळल्या. "लहान आहे," म्हणाल्या. मी म्हटलं, "असू दे." मला त्या वेळी काही वाटलं का? खरं सांगायचं तर नाही. दाढ काढल्यावर गालाला हात लावून बघावा तसं मी आतल्या आत बोट लावून बघितलं. तिथं काहीच नव्हतं. परतीच्या गाडीत मी शॉर्टहँडचं पुस्तक वाचत बसले.

त्याच सुमारास राज्यांची नवी मांडणी झाली. वहिनीचं धारवाड आणि बेंगळूर एका राज्यात आली, तिला आनंद झाला. मिरज तिकडेच राहिली. माझ्या दृष्टीनं अंतर होतं तेवढंच होतं.

मग तो दिवस आला, ज्याच्यासाठी मी हे लिहायला बसले.

मोठ्या परीक्षेला थोडेच दिवस उरले होते. सकाळचा वर्ग. सिस्टर नेहमीसारख्या आल्या, तपकिरी पट्टी काढली, पेपर उलगडला, घड्याळ टेबलावर ठेवलं. "मिनिटाला शंभर शब्दांचा वेग," म्हणाल्या, आणि सुरू केलं.

मजकूर असा होता. मंगळवारी सभा भरली तेव्हा अध्यक्षांनी एका सभासदाच्या निधनाची बातमी सांगितली. सभासदाचं नाव आलं, आडनाव आलं, ते मी इथं लिहीत नाही. नावापुढे टी. डी. सभागृह उभं राहिलं. सरकारपक्षाचे बोलले, विरोधी पक्षाचे बोलले. दिवंगत डेप्युटी आपल्या भागातल्या नद्या आणि रस्ते यांविषयी सतत बोलत, त्यांना विनोद प्रिय होता, त्यांच्यामागे पत्नी आणि मुलं आहेत. खाडीवरचा पूल त्यांच्या हयातीत झाला नाही याबद्दल एका सभासदानं खेद व्यक्त केला. 

सिस्टरचा आवाज एकसारखा चालला होता. घड्याळावर नजर, शंभरचा वेग, कमी नाही जास्त नाही. शेवटचं वाक्य झाल्यावर त्यांनी पेपरची घडी केली आणि म्हणाल्या, "व्हॉट्सला, वाच."

लिहिलेलं परत वाचून दाखवायची आमच्याकडे रीत होती. मी उभी राहिले आणि वाचलं. रेघा स्वच्छ पडल्या होत्या. तो लांब शब्द मी लांब म्हटला. टी. डी. आलं तिथं दोन अक्षरं न म्हणता मी पूर्ण शब्द म्हटला, ‘ख’सकट, कारण मला येत होता. सिस्टर खिडकीबाहेर बघत होत्या. आवारातल्या गुलमोहराखाली माळी पाइप लावत होता. मी वाचून संपवलं.

"बरोबर," त्या म्हणाल्या. "एकही चूक नाही."

वर्ग सुटला. टाइपरायटरांवर कापडी खोळी घालायचं काम त्या आठवड्यात माझ्याकडे होतं. सिस्टर खुर्चीत बसूनच होत्या. मी शेवटची खोळ घातली तेव्हा त्या म्हणाल्या, "तो माझा भाऊ."

मी वळून बघितलं.

"मला तार आली होती, महिन्यावर होऊन गेला. ठाऊक होतं मला. पण छापलेलं आज आलं." त्यांनी पेपरवर हात ठेवला. "मी एकोणीस वर्षांची होते, इकडे यायला निघाले तेव्हा. तो अकराचा. बंदरावर आला होता मला पोचवायला. आम्हाला परत जायची परवानगी नसते, तुला माहीत आहे ना? एकदा आलं की आलं. तो मोठा झाला, लग्न झालं, निवडून आला, ते मी पाहिलं नाही. पत्रं लिहायला आळशी. पण भाषणं छापून यायची. तो कसा बोलतो ते मला तेवढंच कळायचं."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. पाणी, दूध, खाडीवरचा पूल. दोन-अडीच वर्षं आम्ही सगळ्याजणी ज्याच्यावर हात पळवत होतो, ते सगळं त्या एकाच माणसाचं बोलणं होतं. सिस्टर दर आठवड्याला आपल्या धाकट्या भावाला मोठ्यानं वाचत होत्या.

अशा वेळी काय बोलावं, याचं इंग्रजी मला येत नव्हतं. मराठीतही आलं नसतं. माझा नवरा गेला तेव्हा लोक माझ्याशी जे बोलले त्यातलं एकही वाक्य मला आठवत नव्हतं.  आणि मग तोंडातून भलतंच गेलं.

"सिस्टर, मजकुरात ‘दिवंगत डेप्युटी’ आहे. तिथं टी. डी. लिहायचं का?"

बोलल्यावर मला वाटलं, आता या मला बाहेर काढतील. पण त्यांनी तोंड माझ्याकडे केलं आणि वर्गात सांगायच्या तसंच नीट सांगितलं. "नाही. सभेत त्याच्याबद्दल बोलताना डेप्युटी म्हणतात, मग नाव. टी. डी. फक्त लिहिताना, नावापुढे. आणि तो गेला की..." त्यांनी पेपरची घडी सरळ केली. "गेला की ती अक्षरं काढतात. ती जागेची असतात. माणसाची नसतात."

मग त्यांनी विचारलं, "तुझी मुलगी केवढी झाली?"

मी त्यांना नलूबद्दल कधी सांगितलं नव्हतं. दादानं नाव घालताना सांगितलं असावं.

"सहा पुरी होतील."

"काय बोलते?"

मला सांगता येईना. नलू काय बोलते? कुठल्या आवाजात बोलते? सासूबाईंच्या कार्डावर शेवटी ‘चि. नलू मजेत’ असायचं. मी म्हटलं, "मजेत आहे."

सिस्टरनी मान हलवली, पेपर काखेत घेतला आणि त्या उठल्या. दारात जाऊन म्हणाल्या, "परीक्षेत वेग सोडू नकोस." बाकी काही नाही. त्या दिवशी मी बसमध्ये बसले आणि माझा थांबा मागे गेला तरी उतरले नाही. शेवटच्या थांब्यावर कंडक्टरनं उठवलं तेव्हा चालत परत आले.

परीक्षा पास झाले. एका सरकारी संशोधन संस्थेत स्टेनोची जागा मिळाली. तिथल्या एका साहेबांनी एकदा परदेश दौऱ्याचा अहवाल सांगितला, त्यात डब्लिनची सभा आली. मी शब्द टाइप केला, शाईनं रेघ दिली. साहेबांनी तो खोडून ‘आयरिश पार्लमेंट’ लिहिलं आणि कागद परत दिला. मी मुकाट्यानं पुन्हा टाइप केला. साहेबांचा अहवाल होता, त्यांचा शब्द.

पहिल्या सहा महिन्यांत मी दादाच्या घरापासून दोन गल्ल्यांवर बिऱ्हाड केलं. एक खोली, स्वयंपाकाला आडोसा, पुढे दोन पायऱ्या. मग रजा काढून मिरजेला गेले.

सासूबाईंना काही सांगावं लागलं नाही. मी पिशवी खाली ठेवली तशा त्या म्हणाल्या, "बिऱ्हाड केलंस?"

"हो."

"पाणी आहे?"

"नळ आहे दारात."

त्या उठल्या, ट्रंक ओढली आणि नलूचे कपडे एकेक घडी करून त्यात ठेवू लागल्या. मी म्हटलं, "तुम्हीही चला." त्या म्हणाल्या, "मी कुठं येऊ? मला तिथली भाषा येत नाही." नलू दारात उभी राहून ते बघत होती. तिनं ट्रंकेतला एक झगा काढून परत दांडीवर टाकला. सासूबाईंनी तो पुन्हा ट्रंकेत ठेवला. तिनं पुन्हा काढला. तिसऱ्या वेळेला सासूबाईंनी तिला जवळ ओढलं आणि म्हणाल्या, "बोलले होते मी, बाई. बोललेलं फिरवता येत नाही."

गाडीत नलू हुबळीपर्यंत रडली आणि मग गप्प झाली. ती पुढे कितीतरी दिवस गप्पच होती. शाळेत जायची, यायची, वाढलेलं खायची. मला कशानंच हाक मारत नसे. पाणी हवं असलं तर भांडं वाजवायची. मी रागावले नाही. मला तिचं ते गप्प असणं ओळखीचं होतं. आम्ही दोघी एकमेकींना त्रास न देता राहत होतो, धर्मशाळेत दोन प्रवासी राहावेत तशा.

शेजारी कानडी कुटुंब होतं, पोरांनी भरलेलं. नलू दिवसभर तिकडे असायची. भाषा तिला कधी आली ते मला कळलंच नाही. एके दिवशी संध्याकाळी मी ऑफिसातून येऊन नळावर पाय धूत होते. पायरीवरून हाक आली, "अम्मा, किल्ली कुठाय?" मला वाटलं शेजारच्या पोरानं आपल्या आईला हाक मारली. मी पाय धूतच राहिले. "अम्मा, ऐकू येत नाही का? किल्ली!" नलू होती. शेजारची पोरं जशी म्हणायची तशी म्हणत होती. मी पदराची किल्ली सोडून दिली. तिनं कुलूप काढलं आणि आत गेली. आई हा शब्द मिरजेला होता, तो तिनं तिथंच राहू दिला. मला दुसरा मिळाला. मी तेव्हापासून अम्माच आहे.

सिस्टर कोलंबांना मी नोकरी लागल्यावर एक-दोनदा भेटले. पुढे त्यांची बदली मद्रासकडे कुठेतरी झाली, असं ग्लोरियानं सांगितलं. त्या परत गेल्या नसणार. 

पाच-सहा वर्षांनी सासूबाई एकदा आमच्याकडे आल्या. गुडघे धरले होते, दिसायला कमी झालं होतं. दादा त्यांना घेऊन आला. चार दिवस राहीन म्हणाल्या आणि आल्या दिवसापासून परतीचं बोलत होत्या. नलू बारा-तेराची झाली होती. शाळेतून आली की ती त्यांच्याशी मिरजेचं मराठी बोलायची आणि पायरीवरून उतरली की कानडी. सासूबाई तिच्या तोंडाकडे बघत राहायच्या.

एका रविवारी सकाळी आम्ही तिघी पायरीवर शेंगा सोलत बसलो होतो. त्या शेजारच्या कानडी घरातल्या बाई, ज्यांनाही आम्ही अक्काच म्हणायचो, कुंपणाशी आल्या. त्यांनी सासूबाईंना हसून नमस्कार केला आणि विचारलं, "निम्म ऊरु यावुदु?"

"काय म्हणतेय ती?" सासूबाईंनी नलूला विचारलं.

"तुमचं गाव कुठलं म्हणून विचारतात."

हा प्रश्न बेंगळुरात मला दर आठवड्याला कुणी ना कुणी विचारत आलं होतं. दुकानदार, कंडक्टर, ऑफिसातले. मी दर वेळी मिरज सांगत आले. सांगताना डोळ्यांसमोर काही यायचं नाही. नाव सांगायचं, तसं गाव सांगायचं.

"सांग तिला, मी मिरजेची," सासूबाई म्हणाल्या. "पाहुणी आलेय." मग त्यांनी शेंगेचं टरफल बाजूला टाकलं आणि माझ्याकडे हात करून म्हणाल्या, "आणि हिचं गाव हेच म्हणावं. हिनं घर केलंय इथं. एकटीनं."

मी मान वर केली नाही. नलूनं कुंपणाकडे तोंड केलं आणि अक्कांना त्यांच्या भाषेत सांगितलं. त्यातलं मला एवढंच ऐकू आलं, "इदु अम्मन मने." हे अम्माचं घर.

अक्का "सरी, सरी" म्हणाल्या आणि आत गेल्या. मी उठले, चहा टाकते म्हणाले. स्टोव्ह पेटवला, आधण ठेवलं. हात नेहमीसारखे चालले होते, पण मधेच आडोशाला टेकून उभं राहावं लागलं. गाल ओला झाला होता आणि तो कशानं, ते इतक्या वर्षांनी मला लगेच ओळखू आलं नाही.

चहात साखर दोनदा पडली. मी कप नेऊन दिले. नलूनं एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि बोलायला गेली. सासूबाईंनी तिच्या गुडघ्यावर हात ठेवून तिला गप्प केलं. स्वतःचा कप त्यांनी शेवटच्या थेंबापर्यंत संपवला आणि मग सावकाश पुढची शेंग उचलली.